विडीचा कट्टा आणि मागाचा ठोका: शेवटच्या सत्रातल्या एका लघुपटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात चित्रपट आणि नाट्य हे दोन विषय एकत्र शिकवणारा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. मी तिथे शिकवते. हे प्रकरण शेवटच्या सत्रातल्या पाच जणांच्या गटाचं आहे. त्या गटाची मार्गदर्शक मीच होते, त्यामुळे जे चुकलं त्यातला माझा वाटा जिथल्या तिथे सांगणार आहे. मुलांची नावं, गल्ली, घर इथे दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे दोनतीन तपशील बदलले आहेत. ज्यांच्या घरात चित्रण झालं त्यांना सगळे अक्का म्हणत, मीही तेच म्हणते.

आमच्याकडे प्रवेशाला येणाऱ्या मुलांना ‘हेच का शिकायचं?’ असं विचारलं की बहुतेकांकडून दोन नावं ऐकू येतात. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे, आणि सोलापुरात शाळा शिकून पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेलेले अतुल कुलकर्णी. एक नाव सिनेमाकडे नेतं, दुसरं नाटकाकडे, आणि मुलांना दोन्हीकडे जायचं असतं. नाटक त्यांनी थोडंफार केलेलं असतं. युवा महोत्सवातली एकांकिका, मूकनाट्य, पथनाट्य यांतून ती आलेली असतात. सिनेमा मात्र फक्त पाहिलेला असतो, तोही मोबाइलवर. आमच्या वेळापत्रकात सकाळी नाटक आणि दुपारी चित्रपट असे तास लागतात. सोय म्हणून केलेली ही विभागणी मुलांच्या डोक्यातही घट्ट बसते, हे मला या गटाने दाखवलं.

शेवटच्या सत्रात गटाने पंधरा मिनिटांचा लघुपट किंवा चाळीस मिनिटांची एकांकिका करायची असते. या गटाने लघुपट निवडला. दिग्दर्शन करणारी मुलगी सोलापूर शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू घरातली, आई विडी कामगार. कॅमेऱ्याचा मुलगा अक्कलकोटकडचा, ध्वनी आणि संकलन बघणारा बार्शीचा, मुख्य भूमिका करणारी मुलगी मोहोळची. पाचवा मुलगा निर्मितीची व्यवस्था बघायचा. गोष्ट साधी होती. विड्या वळणाऱ्या आईचा एक दिवस. मुलीला पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जायचंय, प्रवेशाचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस आहे आणि आई हजार विड्या पुऱ्या करायच्या मागे आहे.

पटकथा अठरा पानांची होती. साधारण एका पानाला एक मिनिट धरतात, म्हणजे ती मुळातच लांब होती. संवाद स्वच्छ पुस्तकी मराठीत. दिग्दर्शिकेच्या आईच्या ओळखीच्या अक्कांनी घर वापरायला दिलं: दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना. डिसेंबरात मी पटकथेवर सही केली. घर मी फोटोत पाहिलं होतं. फोटोत कारखाना ऐकू येत नाही.

पहिलं चित्रण

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवस चित्रण झालं. कॅमेऱ्याच्या मुलाने तयारी मनापासून केली होती. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकू नये म्हणून आपल्याकडच्या पन्नास हर्ट्झच्या विजेप्रमाणे शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवायचं, हे त्याने आधीच तपासून घेतलं होतं. नाटकाच्या स्टोअरमधले हजार वॉटचे दोन हॅलोजन त्याने नेले, एक दारातून आत सोडला, दुसरा भिंतीवर आपटवला. तंबाखूची बारीक धूळ त्या उजेडात तरंगायची. पहिल्या रात्री गटाच्या ग्रुपवर जी चित्रं आली ती बघून मीही ‘सुंदर’ असं लिहून पाठवलं.

ते चित्रीकरण मी आजही सुंदर म्हणेन. घोळ इतरत्र होता.

ओल्या पानाची विडी होते. तेंदूचं पान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापतात, तंबाखू भरून वळतात, टोक दुमडतात आणि दोरा बांधतात. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. संध्याकाळी माल ब्रँचमध्ये, म्हणजे विडी कंपनीच्या माल जमा करायच्या जागी, नेऊन दिला की तिथला तपासनीस सैल, फाटकी विडी बाजूला काढतो, आणि बाजूला काढलेल्या विडीची मजुरी मिळत नाही. हॅलोजनपासून चार हातांवर अक्कांची पानाची टोपली होती. पानं सुकली, वळताना चिरायला लागली. ध्वनीमुद्रणासाठी पंखा बंद. तिन्ही दिवस अक्का स्वयंपाकघरात सरकून बसल्या आणि तिथल्या अंधारात जमेल तेवढं वळत राहिल्या. त्यांचा किती माल बाजूला गेला हे आम्हाला त्या वेळी कळलं नाही, कारण आम्ही विचारलं नाही.

मुख्य भूमिकेतली मुलगी युवा महोत्सवात अभिनयाचं बक्षीस घेऊन आलेली. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज तिने कमावलेला. दहा बाय बाराच्या खोलीत तोच आवाज भिंतींवर आदळत होता. हाताचं तर त्याहून अवघड होतं. अभिनयाचे आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (भावाचा) असे चार प्रकार आम्ही पहिल्या वर्षीच शिकवतो. आहार्य अगदी बरोबर होतं, अक्कांचीच जुनी साडी नेसली होती. पण विडी धरलेली बोटं कॉलेजात जाणाऱ्या मुलीची होती, आणि कॅमेरा त्या बोटांपासून एका हातावर होता.

अडचण

चौथ्या दिवशी संकलनाच्या खोलीत आम्ही सगळं चित्रीकरण ओळीने पाहिलं. दोन तास वीस मिनिटं. पहिल्या पंधरा मिनिटांतच ध्वनीच्या मुलाने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

मागाचा आवाज नुसता मोठा असता तर काहीतरी करता आलं असतं. पण त्याला ठोका असतो. खटक-खटक, खटक-खटक, एका लयीत. दोन शॉट जोडले की जोडावर तो ठोका तुटतो, कारण प्रत्येक शॉट लयीच्या वेगळ्या जागी सुरू झालेला असतो. डोळ्याला न जाणवणारा कट कानाला अडखळल्यासारखा लागतो. साडीच्या आत लावलेल्या मायकवर कापडाची घासघास होती, वरून धरलेल्या मायकवर माग होता, आणि या दोन्हीच्या वर आमच्या मुलीचा शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज. तीनही दिवस दिग्दर्शिकेच्या कानाला हेडफोन नव्हते. एकच जोड होता, तो ध्वनीच्या मुलाकडे. तिने प्रत्येक शॉट छोट्या पडद्यावर बघूनच ‘ओके’ केला होता.

दुसऱ्या दिवसाच्या फायली लावल्या तेव्हा जे घडलं त्यासाठी हे प्रकरण लिहावंसं वाटलं. एका लांब शॉटमध्ये, पात्रांच्या मागे, स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज येतो. ‘चालु.’ थोडं थांबून पुन्हा, ‘चालु, चालु.’ ध्वनीच्या मुलाने लॉगशीटवर, म्हणजे प्रत्येक शॉटची नोंद ठेवायच्या कागदावर, त्या शॉटपुढे लिहिलं होतं: ‘अक्का म्हणतात चालू ठेवा.’ त्याने ते वाचून दाखवलं आणि पुढच्या फायलीकडे निघाला.

दिग्दर्शिकेने त्याचा हात धरला. ‘परत लाव,’ म्हणाली. तीनदा ऐकलं. मग तिने सांगितलं, तेलुगूत ‘चालु’ म्हणजे ‘पुरे’.

त्या शॉटनंतर आम्ही त्या घरात दीड दिवस चित्रण केलं होतं. अक्कांनी एकदाच सांगितलं होतं, आपल्या भाषेत, आपल्या घरात. ज्याच्या कानावर पडलं त्याला कळलं नाही, आणि जिला कळलं असतं ती बाहेर पडवीत छोट्या पडद्यासमोर बसली होती.

वापरता येईल असं चित्रीकरण मोजलं तर चार मिनिटं भरत होतं. प्रकल्प जमा करायला नऊ आठवडे होते, त्यात मध्ये अंतर्गत परीक्षा. गटाने आपसांत जमवलेल्या बारा हजारांतले पाच हजार उरले होते. ते सिद्धेश्वर तलावावरून ड्रोन उडवून सुरुवातीचा शॉट घ्यायला राखून ठेवलेले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय कॅमेऱ्याच्या मुलाने मांडला: आहे ते चित्रण ठेवायचं आणि सगळे संवाद स्टुडिओत नव्याने मुद्रित करायचे. त्याची बाजू कमकुवत नव्हती. संवाद मागाहून घेणं ही आपल्या सिनेमातली जुनी आणि रुळलेली पद्धत आहे. शिवाय त्याचे गुण या चित्रणावर अवलंबून होते, आणि त्याने खरंच मेहनत केली होती. पण आवाज बदलला तरी बोटं तीच राहणार होती. आणि अक्कांनी ‘पुरे’ म्हटल्यानंतरचं चित्रीकरण वापरायचं की नाही, हा प्रश्न डबिंगने सुटत नव्हता. दिग्दर्शिकेने इथे पहिल्यांदा आवाज चढवला. त्यानंतरचं काहीही वापरणार नाही, म्हणाली.

लघुपट सोडून एकांकिका करावी, असं निर्मितीच्या मुलाने सुचवलं. सुरक्षित होतं. नाटक त्यांना येत होतं, तालमीची जागा होती, खर्च नव्हता. पण मग कॅमेरा आणि ध्वनी विशेष विषय घेतलेल्या दोघांना मूल्यमापनासाठी काही उरत नव्हतं. नियम तसेच आहेत.

तालमीच्या हॉलमध्ये अक्कांचं घर उभारायचं, हाही विचार झाला. तिथे शांतता मिळाली असती. त्यावर अर्धा तासही चर्चा झाली नाही. दिग्दर्शिका म्हणाली, ‘मॅडम, भिंतीला माग नसेल तर ते आमचं घर वाटतच नाही.’ हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. पुढे ते कामाला आलं.

चौथा पर्याय सगळ्यांत मोह घालणारा होता: नटी नकोच, अक्कांनाच घेऊन माहितीपट करायचा. हात खरे, घर खरं, भाषा खरी. खूप वेळ आम्ही यावर अडकलो होतो. मी विरोधात होते. जिने आत्ताच ‘पुरे’ म्हटलंय, तिच्याकडे ‘आता तुम्हीच कॅमेऱ्यासमोर बसा’ असं म्हणत जाणं मला पटत नव्हतं. दिग्दर्शिकेचं म्हणणं वेगळं होतं. अक्का थकल्या होत्या त्या आमच्या दिव्यांना आणि गर्दीला, गोष्टीला नव्हे. निदान विचारून तरी बघू. ही चर्चा दोन दिवस चालली, आणि मोहोळची मुलगी दोन्ही दिवस काही बोलली नाही. माहितीपट झाला असता तर तिचं शेवटचं सत्र रिकामं गेलं असतं, आणि हे तिने स्वतः मांडायला हवं होतं, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. मार्गदर्शक म्हणून तिला बाजूला घेऊन विचारणं माझं काम होतं. मी ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘मला शिकायचंय विडी वळायला. दोन आठवडे द्या.’

तिथून पाचवा पर्याय निघाला. त्याच घरात, आधी तालीम, मग कॅमेरा. अक्कांना मान्य असेल तरच, आणि त्या नाही म्हणाल्या तर एकांकिका. हे कागदावर लिहून पाचही जणांनी सही केली.

काय केलं

अक्कांकडे पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय गेलो. दिग्दर्शिकेची आई बरोबर आली. तिनेच तेलुगूत बोलणं सुरू केलं, कारण माफी मराठीत मागितली असती तर ती अक्कांना पाहुण्यांची औपचारिकता वाटली असती. किती माल बाजूला गेला होता ते तेव्हा कळलं. ड्रोनचे पाच हजार त्याच बैठकीत काढले. गेलेल्या मालाची भरपाई आणि पुढे जितके दिवस येऊ तितक्या दिवसांची बुडणारी मजुरी, असा हिशेब झाला. अक्कांनी आधी घेतले नाहीत. दिग्दर्शिकेची आई म्हणाली, ‘तासभर शिकवणार ना पोरीला? मग मास्तरचा पगार हाय तो.’ तेव्हा घेतले.

अक्कांच्या अटी स्पष्ट होत्या. तापणारा दिवा आणायचा नाही. त्यांच्या मुलीचा चेहरा आणि दारावरचा घर नंबर दिसायला नको. माल द्यायच्या वेळेआधी तासभर घर मोकळं पाहिजे. आणि ‘चालु’ म्हटलं की बंद. संमतीपत्र आम्ही मराठीत लिहिलं होतं. दिग्दर्शिकेने ते ओळीओळीने तेलुगूत सांगितलं, त्या अटी खाली हाताने जोडल्या, मग सही.

त्यानंतर बारा सकाळी तालीम झाली. पहिल्या दिवशी मोहोळच्या मुलीने तासाभरात अकरा विड्या वळल्या, सगळ्या सैल. अक्कांनी त्या सोडून पुन्हा पानं वेगळी केली, काही न बोलता. तिसऱ्या दिवशी तिच्या अंगठ्याच्या नखाजवळ चीर पडली. पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा मला एक गोष्ट दिसली, जी तीन वर्षं वाचिक अभिनयाचे तास घेऊन मला तिच्याकडून करून घेता आली नव्हती. तिचा आवाज खाली आला होता. कुणी सांगितलं नव्हतं. नजर पानावर, दोरा दातात, आणि बोलताना समोरच्याकडे बघायलाच फुरसत नाही, अशा वेळी माणूस ओरडत नाही. वाक्य अर्ध्यात थांबतं, विडीचं टोक दुमडलं जातं, मग उरलेलं येतं. त्या थांबण्याच्या जागा पटकथेत कुठेच नव्हत्या. बाराव्या दिवशी तिने पाऊण तासात एक पूर्ण कट्टा बांधला. अक्कांना त्याला लागले असते दहापंधरा मिनिटं.

भाषेचं असंच उलगडत गेलं. दिग्दर्शिकेच्या स्वतःच्या घरात आई तेलुगूत बोलते आणि मुलगी मराठीत उत्तर देते, हे तिने कधी लिहिलंच नव्हतं. सिनेमा मराठी म्हणजे संवाद मराठीच असणार, असं तिने गृहीत धरलं होतं आणि मीही. तालमीत उत्स्फूर्त प्रसंग करताना एक दिवस ती स्वतः मुलीच्या भूमिकेत बसली आणि अक्कांनी गंमत म्हणून आईची बाजू घेतली. तेव्हा पाच मिनिटांत खरा संवाद झाला. त्यानंतर पटकथा अठरा पानांवरून नऊवर आली. आईची चौदा वाक्यं तेलुगूत राहिली. मोहोळच्या मुलीने ती कानाने पाठ केली, उच्चार अक्कांनी दुरुस्त केले, मराठी उपशीर्षकं खाली द्यायची ठरली.

ध्वनीचा आराखडा बार्शीच्या मुलाने नव्याने मांडला, आणि या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठी उडी त्याने घेतली असं मला वाटतं. ‘भिंतीला माग नसेल तर आमचं घर वाटत नाही’ हे वाक्य त्याने वहीत लिहून ठेवलं होतं. माग काढून टाकायचा नाही. तो वेगळा मुद्रित करायचा, दहा मिनिटं सलग, आणि संकलनात सगळ्या दृश्यांखाली एकच अखंड पट्टी म्हणून टाकायचा. मग वर कितीही कट केले तरी ठोका तुटत नाही. संवाद मात्र कारखाना बंद असताना घ्यायचे. आणि गोष्टीत एके ठिकाणी वीज जाते, माग थांबतात. तेव्हाच पहिल्यांदा पानं कापणाऱ्या कात्रीचा आवाज ऐकू येतो. अर्जाबद्दलचं जे बोलणं आधीच्या पटकथेत दीड पान होतं, ते त्या शांततेत तीन वाक्यांत झालं.

कॅमेऱ्याच्या मुलाला हॅलोजन सोडावे लागले. दाराचा उजेड आणि पांढऱ्या भिंतीवर आपटवलेलं एक एलईडी पॅनल, एवढंच. तो दोन दिवस गप्प होता. मग त्याने येऊन विचारलं, दाराचा उजेड अक्कांच्या बसायच्या जागेवर किती वाजता पडतो ते बघायला मी एक दिवस नुसता बसू का? बसला. सकाळी सव्वानऊ ते साडेदहा, असं लिहून आणलं.

मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात दोन दिवस चित्रण. कारखान्याची सुट्टी बघून तारीख धरली होती, पण ऑर्डर होती म्हणून त्या सुट्टीला माग चालूच राहिले. गटाला दोन पर्याय होते: तारीख पुढे ढकलायची, किंवा मालकांना विनंती करायची. तारीख ढकलली तर अक्कांची आणखी एक दिवसाची मजुरी, आणि तेवढे पैसे उरले नव्हते. निर्मितीचा मुलगा मालकांकडे गेला. माग बंद करायला ते तयार नव्हते आणि का असावेत? कामगारांची मजुरी कापडावर असते. पण जेवणाच्या सुट्टीत माग थांबतात, ती चाळीस मिनिटं तुमची, म्हणाले. त्या चाळीस मिनिटांत बोलण्याची तिन्ही दृश्यं घेतली. बारा सकाळ तालीम झालेली नसती तर ते शक्य नव्हतं. मूक दृश्यं आणि हातांचे शॉट माग चालू असताना घेतले. या वेळी हेडफोनचे दोन जोड होते. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का एकदा ‘चालु’ म्हणाल्या. एक शॉट राहिला होता. सामान आवरलं.

निष्पत्ती

लघुपट तेरा मिनिटांचा झाला आणि वेळेत जमा झाला. गुण मात्र आम्हाला वाटले होते तसे पडले नाहीत, आणि हे झाकून ठेवलं तर हे लिहिणं अर्धवट होईल. ध्वनीच्या मुलाला वर्गात सगळ्यांत जास्त मिळाले. दिग्दर्शिकेला चांगले. कॅमेऱ्याच्या मुलाला शंभरात साठ, कारण बाहेरून आलेल्या परीक्षकांना प्रकाशयोजनेत ‘काही केलेलं दिसलं नाही’. मोहोळच्या मुलीला अठ्ठावन्न. शेरा होता, अभिनयाला वाव कमी. जिने अंगठा चिरेपर्यंत काम शिकून घेतलं आणि आवाज खाली आणला, तिला पहिल्या चित्रणातल्या कामगिरीवर कदाचित जास्त गुण मिळाले असते. मी विभागात लेखी म्हणणं मांडलं. गुण बदलले नाहीत, पण पुढच्या वर्षीपासून प्रत्येक विद्यार्थ्याने कामाची रोजवही जोडायची आणि परीक्षकांनी ती वाचूनच गुण द्यायचे, एवढं झालं.

अक्कांना लघुपट त्यांच्याच पडवीत दाखवला, भिंतीला पांढरी चादर लावून. गल्लीतल्या बायका आल्या होत्या. मोहोळच्या मुलीने बांधलेल्या कट्ट्याचा मोठा शॉट आला तेव्हा मागून कुणीतरी तेलुगूत काही बोललं आणि सगळ्या हसल्या. दिग्दर्शिकेने नंतर सांगितलं, ‘हा कट्टा ब्रँचमध्ये पास होईल’ असं म्हणाल्या. त्या मुलीने तो शेरा रोजवहीत लिहून ठेवलाय, परीक्षकांच्या शेऱ्याशेजारी. ती आता नाटक शिकायला पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात प्रवेश घ्यायचं ठरवतेय. दिग्दर्शिका फिल्म इन्स्टिट्यूटच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतेय आणि सोबत आईला ब्रँचमध्ये माल पोचवायला मदत करते.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी माझी सही. जागा न बघता, त्याहून म्हणजे न ऐकता मी पटकथा मंजूर केली. आता माझ्या गटांना मी जागेवर डोळे मिटून दहा मिनिटं बसायला सांगते, दिवसाच्या तीन वेगवेगळ्या वेळी, आणि काय ऐकू आलं ते लिहून आणायला. त्याशिवाय पटकथा वाचत नाही.

ज्या घरात जातो त्या घराची मजुरी पहिल्या अंदाजपत्रकात असायला हवी होती. कॅमेऱ्याचं भाडं, प्रवास, जेवण, ड्रोन असे सगळे रकाने होते. अक्कांच्या दिवसाचा रकाना नव्हता, कारण त्या आपल्यातल्याच, दिग्दर्शिकेच्या आईच्या ओळखीच्या. विडी कामगाराच्या मुलीच्या हाती दिग्दर्शन असूनही हे सुटलं, याचं तिला आजही वाईट वाटतं. माझ्या मते तिच्या एकटीवर ते येत नाही. आमच्या निर्मिती व्यवस्थापनाच्या तासात असा रकाना आम्ही कधी शिकवलेलाच नव्हता.

वेळापत्रकही बदलायला हवं, ते अजून झालेलं नाही. या लघुपटाला वाचवलं ते तालमीने, म्हणजे सकाळच्या तासाने. दुपारच्या तासाला ते आधी कळलं असतं तर पहिले तीन दिवस वाया गेले नसते. नाटकवाली मुलगी आणि कॅमेरावाला मुलगा तीन वर्षं एका इमारतीत होते आणि पहिल्यांदा एकत्र काम केलं ते शेवटच्या सत्रात, हे मला फार लागतं.

एका प्रश्नावर दिग्दर्शिकेचं आणि माझं अजून एकमत नाही. तालमीत अक्कांनी आईची बाजू घेतली तेव्हा त्या मोकळ्या होत्या, हसत होत्या. तेव्हा पुन्हा विचारलं असतं तर त्या कदाचित स्वतःच भूमिका करायला तयार झाल्या असत्या, असं तिला वाटतं, आणि माझ्यामुळे विचारलं गेलं नाही असंही. असेल. मी त्या वेळी मोहोळच्या मुलीचा विचार करत होते, ते मला आजही चुकीचं वाटत नाही. पण अक्कांच्या वतीने नकार मी देऊन टाकला, त्यांना न विचारता. आधी त्यांचा ‘पुरे’ ऐकला नाही आणि नंतर त्यांचा होकार असू शकतो हे धरलं नाही.

पहिल्या चित्रणातली ती फाइल, ज्यात अक्कांचा आवाज आहे, लघुपटाच्या शेवटी वापरावी असं ध्वनीच्या मुलाच्या मनात होतं. दिग्दर्शिकेने अक्कांना ऐकवली आणि विचारलं. अक्का नको म्हणाल्या. पडवीतल्या त्या संध्याकाळी, सगळ्या बायका गेल्यावर, दोन्ही हार्ड डिस्कवरून ती त्यांच्यासमोर काढून टाकली. प्रकल्पाच्या फायलीत आता फक्त लॉगशीट आहे. त्यावर बार्शीच्या मुलाच्या अक्षरात ‘अक्का म्हणतात चालू ठेवा’ ही ओळ, आणि खाली लाल शाईने, दिग्दर्शिकेच्या अक्षरात, चालु: पुरे.